हरकत आहे म्हणताय, मग कलम कुठलं?

२०२५ च्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ आली. कुणीतरी फॉरवर्ड केलेली, सोबत फक्त "सर्वांनी वाचा" एवढंच. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी राज्य सरकार जे नवे नियम आणतंय त्यांचा तो मसुदा होता, आणि १५ मेपर्यंत हरकती आणि सूचना पाठवा असं त्यात म्हटलेलं. तिघाचौघांनी हात जोडल्याचा इमोजी टाकला, मग पाण्याच्या टँकरचा मेसेज आला, मग कुणाचा तरी वाढदिवस, आणि ती पीडीएफ वर सरकून गेली ती गेलीच.

मी ती उघडली ती तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंमुळे. काकांचं आजारपण लांबलं, हॉस्पिटलच्या चकरा सुरू झाल्या आणि मेंटेनन्स भरायचा राहिला तो चौदा महिने राहिला. महिन्याला ३,२०० रुपये, म्हणजे ४४,८०० ची थकबाकी, आणि त्यावर आमच्या सोसायटीने लावलेलं व्याज ५,८८० रुपये. सोसायटीचे हिशोब मी बघते, त्यामुळे तो आकडा एक्सेलमध्ये माझ्याच हाताने टाकलेला. उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं असं आहे, सभेत पूर्वीच २१ टक्के ठरलेलं होतं, म्हणजे नियमाने बघितलं तर काहीच चूक नाही. काकूंनी ते बिल हातात घेतलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "अगं, बँक सुद्धा एवढं घेत नाही ना?" मला उत्तर देता आलं नाही.

आणि त्या पीडीएफमध्ये लिहिलं होतं की थकबाकीवरच्या व्याजाची मर्यादा १२ टक्के करायची. मी तिथल्या तिथे मांडून बघितलं, ५,८८० चे ३,३६० झाले असते. एका घरात अडीच हजारांचा फरक, आणि तो फरक पडणार की नाही हे अशा एका कागदावर ठरत होतं ज्यावर सरकार मला, म्हणजे अक्षरशः मला, तुमचं म्हणणं लिहून पाठवा असं सांगत होतं आणि आम्ही दोनशे माणसं टँकरबद्दल बोलत होतो.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. कायदे कसे होतात, त्यात आपल्याला बोलायची जागा नेमकी कुठे असते, कधी असते आणि बोलायचं तर कसं बोलायचं. आपण सगळे कायदा पास झाल्यावर बोलतो हो. बातमी येते, आपण चिडतो, स्टेटस ठेवतो, दोन दिवस वाद घालतो, पण तेव्हा गाडी स्टेशनातून सुटलेली असते. गाडी लागलेली असताना फलाटावर कुणीच नसतं.

आता हे थोडं नीट सांगते कारण मला स्वतःला हे शाळेत नागरिकशास्त्रात शिकूनही कळलेलं नव्हतं. आपल्या विधिमंडळाची वर्षाला तीन अधिवेशनं होतात, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. विधेयक मांडलं जातं, त्यावर चर्चा होते, मग खंडशः म्हणजे एकेक कलम घेऊन विचार होतो आणि मग मंजुरी. विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य, दोन्हीकडून पार पडलं की राज्यपालांची सही. हे सगळं सभागृहाच्या आत चालतं आणि आत तुम्हाला मला थेट बोलायला काही वाव नाही, जे काय असेल ते आमदारामार्फत. आणि खूपदा अधिवेशन इतकं छोटं असतं की विधेयक आलं कधी आणि मंजूर झालं कधी याचा पत्ता पेपर वाचणाऱ्यालाही लागत नाही.

पण सभागृहाच्या बाहेर तीन वेळा आपल्याला बोलायची संधी येऊ शकते. विधेयक मांडायच्या आधी, जेव्हा खातं मसुदा तयार करत असतं तेव्हा. मधे, जर विधेयक समितीकडे पाठवलं तर. आणि कायदा झाल्यानंतर, जेव्हा त्याखालचे नियम बनतात तेव्हा. ही तिसरी वेळ सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते आपल्यासारख्यांच्या सगळ्यात कामाची, तिच्यावर येतेच पुढे.

मधल्या टप्प्याचं ताजं आणि मोठं उदाहरण म्हणजे जनसुरक्षा विधेयक, बेकायदेशीर कृत्यं करणाऱ्या संघटनांवर बंदी घालण्यासाठी सरकारने आणलेलं. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ते पहिल्यांदा आलं, तेव्हा पुढे सरकलं नाही, मग डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात पुन्हा मांडलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, चंद्रशेखर बावनकुळे त्या समितीचे अध्यक्ष. समितीने लोकांकडून सूचना मागवल्या, १ एप्रिल २०२५ ही शेवटची तारीख होती. १२ हजारांहून जास्त हरकती आणि सूचना आल्या. मग जुलै २०२५ मध्ये समितीचा अहवाल आला आणि १० जुलैला विधानसभेत, दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विधेयक मंजूर झालं.

हे विधेयक चांगलं की वाईट यावर माझं मत आहे आणि तुमचंही असेल, पण इथे मला वेगळी गोष्ट दाखवायची आहे. समितीतून बाहेर येताना मजकूर बदलला होता. आधी व्यक्ती आणि संघटना असा जो रोख होता त्याजागी कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा प्रकारच्या संघटना असे शब्द आले, बंदी योग्य की नाही ते तपासणाऱ्या सल्लागार मंडळात कोण असेल ते बदललं आणि तपास करणारा अधिकारी उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाचा असेल असं झालं. ज्यांचा मूळ आक्षेप होता की बेकायदेशीर कृत्याची व्याख्याच फार ढिली आहे त्यांचं समाधान यातून झालं नाही, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पण बघा, तपास कोण करणार, मंडळावर कोण बसणार, हे असे बदल आहेत जे बोट ठेवून मागता येतात, अमुक कलमात अमुक शब्दाऐवजी तमुक शब्द. "हा काळा कायदा मागे घ्या" ही मागणी रस्त्यावर करायची असते आणि ती जरूर करावी, लोकशाहीत ती लागतेच, पण समितीच्या टेबलावर कागद जातो तेव्हा तिथे बसलेला माणूस कलम उघडून बसलेला असतो. त्याला कलमाचा नंबर हवा असतो.

विधेयक समितीकडे पाठवायचं की नाही हे मात्र सभागृह ठरवतं, आपल्या हातात नाही. नियमांमध्ये विधेयक जनमत अजमावण्यासाठी प्रसृत करायची सुद्धा सोय असते, आणि विरोधी पक्षाचे आमदार बऱ्याचदा तशी सूचना देतात, ती बहुतेक वेळा फेटाळली जाते. म्हणून ज्या विधेयकाबद्दल काळजी वाटते ते मांडलं गेलं की पहिल्याच दिवशी आपल्या आमदाराला फोन करून एवढंच मागावं की समितीकडे पाठवा. ही मागणी छोटी असते, कुठल्याही पक्षाच्या आमदाराला करता येते आणि तिच्यात विरोधही नसतो आणि पाठिंबाही नसतो. वेळ मिळतो फक्त. पण वेळ हीच खरी गोष्ट आहे.

आधीच्या टप्प्याबद्दल मला खरंच राग आहे. केंद्र सरकारने २०१४ मध्ये एक धोरण ठरवलं की कुठलंही विधेयक आणायच्या आधी त्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा, सोबत सोप्या भाषेत त्याचा अर्थ आणि लोकांवर काय परिणाम होईल ते लिहायचं, मग आलेल्या प्रतिक्रियांचा गोषवाराही जाहीर करायचा. ऐकायला किती छान आहे. पण ते धोरण केंद्राच्या मंत्रालयांसाठी, राज्यांना ते बंधनकारक नाही, आणि केंद्रातही ते नेमाने पाळलं जातं असं नाही कारण तो कायदा नाहीये, धोरण आहे. मग राज्यात एखादं खातं मसुदा वेबसाइटवर टाकतं, पेपरात छोटी नोटीस देतं, तर दुसरं खातं थेट विधेयकच आणतं. जमीन, पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, नगरपालिका, ग्रामपंचायती हे सगळे विषय राज्याच्या यादीतले, म्हणजे सकाळी नळाला पाणी येण्यापासून सातबाऱ्यापर्यंत आपलं रोजचं आयुष्य ज्या कायद्यांवर चालतं ते मुंबई-नागपुरात बनतात, दिल्लीत नाही, आणि नेमकी इथेच लोकांना आधी विचारायची सक्ती नाही. ही सक्ती असायला हवी. राज्याचा स्वतःचा कायदा हवा, ३० दिवसांचा, आणि आमदारांकडे मागायची माझी पहिली मागणी हीच आहे.

तोपर्यंत हाताशी काय आहे? माहिती अधिकार कायद्याचं कलम ४. त्यात म्हटलंय की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं आखताना त्यासंबंधीची सगळी माहिती खात्याने स्वतःहून प्रसिद्ध करायची, आणि धोरण ठरवताना लोकांशी विचारविनिमय करायची काय व्यवस्था आहे तेही जाहीर करायचं. कुणी अर्ज करायची वाट न बघता. हे कलम दाखवून पत्र लिहिलं की निदान खालचा अधिकारी फाइल उघडून बघतो.

अध्यादेशाचं तर बोलायलाच नको, अधिवेशन चालू नसताना राज्यपाल तो काढतात आणि त्याच दिवसापासून तो लागू. तरी एक धागा राहतो. पुढचं अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं विधेयक मंजूर झालं नाही तर अध्यादेश संपतो, म्हणून सरकारला तो सभागृहात आणावाच लागतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली, ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले त्याचा अध्यादेश मग काही दिवसांतच निघाला, आणि त्याचं विधेयक डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात मंजूर झालं. त्या कायद्याच्या मसुद्यातलं काय राहिलं आणि काय गळलं हे बघितलं की कळतं, लोकांनी दोन्ही बाजूंनी किती लिहिलं असेल, किती बैठका झाल्या असतील. एका माणसाने आयुष्य घातलं त्यात. ते आठवलं की एक पानी पत्र लिहायचा कंटाळा करायची मला लाज वाटते.

आता नियम. कुठलाही कायदा हातात घ्या आणि पेन्सिल घेऊन "विहित" हा शब्द शोधा. विहित नमुन्यात अर्ज, विहित शुल्क, विहित मुदतीत, विहित करण्यात येईल अशा रीतीने. जिथे जिथे विहित आहे तिथे तिथे विधिमंडळाने म्हटलंय की हे आम्ही ठरवत नाही, सरकार नंतर नियम करून ठरवेल. मी एका कायद्यावर असं करून बघितलं तर पानच्या पान पेन्सिलच्या खुणांनी भरलं. म्हणजे ज्यावर सभागृहात भाषणं झाली, टीव्हीवर वाद झाले तो नुसता सांगाडा, आणि अर्ज कुठे करायचा, किती पैसे, किती दिवसांत उत्तर, नाही मिळालं तर कोणाकडे जायचं, म्हणजे जे तुम्हाआम्हाला खरोखर लागतं ते सगळं नियमांत.

आणि इथेच आपल्यासाठी दार उघडं आहे, कारण कितीतरी कायद्यांमध्ये नियम करताना पूर्वप्रसिद्धीची अट असते. मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करायचा, तारीख द्यायची आणि त्या तारखेपर्यंत आलेल्या हरकती, सूचना विचारात घ्यायच्या. इथे ती मेहेरबानी नाही, कायद्याने घातलेली अट आहे. नंतर ते नियम दोन्ही सभागृहांसमोर ठेवले जातात, एकूण ३० दिवस, आणि तेव्हा आमदार बदल मागू शकतात. आमच्या गृहनिर्माण सोसायट्यांचंच बघा, १९६० च्या सहकार कायद्यात आमच्यासाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं ते २०१९ मध्ये, आणि त्याखालच्या नियमांचा हा मसुदा आला २०२५ मध्ये. सहा वर्षं मधे गेली. २०१९ ला ज्यांनी बातमी वाचली ते २०२५ पर्यंत विसरून गेलेले. म्हणून एखाद्या कायद्याशी तुमचा रोजचा संबंध असेल तर तो पास झाला म्हणून फाइल बंद करू नका, खरी लढाई कदाचित अजून व्हायची असते.

विधेयक वाचायची सुद्धा एक पद्धत मला सापडली ती सांगते. पहिल्या पानापासून सुरू केलं तर दुसऱ्या पानावर झोप येते, भाषाच तशी आहे. शेवटून सुरू करा. शेवटी उद्देश व कारणे यांचे निवेदन असतं, त्यात सरकार साध्या भाषेत सांगतं की हे का आणतोय. त्याच्या आसपास आणखी एक कागद असतो, वैधानिक अधिकार सोपवण्याबद्दलचं ज्ञापन, त्यात कुठल्या कुठल्या खंडांखाली सरकार स्वतःकडे नियम करायचे अधिकार घेतंय त्याची यादीच असते, म्हणजे माझं पेन्सिलचं काम तिथे आयतं केलेलं असतं. सुधारणा विधेयक असेल तर नुसतं "अमुक मजकुराऐवजी तमुक मजकूर दाखल करण्यात येईल" एवढंच दिसतं आणि डोकं फिरतं, पण मागे जोडपत्रात मूळ कायद्याचे उतारे दिलेले असतात, ते शेजारी ठेवून वाचायचं. हे सगळं विधिमंडळाच्या वेबसाइटवर असतं, राजपत्रही ऑनलाइन मिळतं. आणि मराठीतच असतं, आपण मराठीतच लिहायचं, इंग्रजी येत नाही म्हणून कुणी मागे राहायचं काहीच कारण नाही.

मग मी काय लिहिलं? पहिला मसुदा तीन पानी झाला होता. त्यात सगळं होतं, सोसायट्यांमधलं राजकारण, बिल्डर, ऑडिट, पार्किंग, मनातली सगळी मळमळ. ते मी माझ्या वकील मैत्रिणीला दाखवलं. तिने वाचलं आणि म्हणाली, यातला एक मुद्दा ठेव, बाकी फाड. "हे वाचणाऱ्या माणसाला एक तक्ता भरायचा असतो. नियम क्रमांक, कुणाची हरकत, काय हरकत, आमचा अभिप्राय. तुझं पत्र त्या चार रकान्यांत बसलं तर गेलं, नाही बसलं तर 'इतर'मध्ये." त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तो तक्ता बसलाय.

म्हणून मी एक पान लिहिलं. वर मसुद्याचं नाव आणि तारीख. मग मी कोण, तर सोसायटीची सभासद आणि हिशोब बघणारी, म्हणजे मला हे का माहीत आहे ते कळावं. मग नियमाचा क्रमांक आणि तो जसाच्या तसा उतरवलेला. मग माझं म्हणणं, की मर्यादा १२ टक्के करताय ते बरोबर आहे, पण जुन्या थकबाकीचं काय? नियम लागू झाल्यानंतरच्या दिवसांना १२ की आधीच्या थकबाकीलाही? हे स्पष्ट नसेल तर प्रत्येक सोसायटीत भांडण होणार, आणि हिशोब लिहिणाऱ्या माणसाला दोन्हीकडून शिव्या बसणार. मग काकूंचा हिशोब नाव न घेता, ४४,८००, ५,८८०, ३,३६०, तीन ओळींत. आणि शेवटी मी सुचवलेलं वाक्य, अगदी नियमाच्या भाषेत, "परंतु, हे नियम अंमलात येण्यापूर्वीच्या थकबाकीवर..." असं सुरू होणारं. हे शेवटचं वाक्य लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि माझ्या मते पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच. नुसतं चुकीचं आहे म्हटलं तर वाचणाऱ्याला काम लागतं, काय हवं ते लिहून दिलं तर त्याचं काम कमी होतं.

काकूंनी वेगळं पत्र दिलं. मी म्हटलं माझ्याच पत्रावर सही करा, तर नाही म्हणाल्या, "माझं म्हणणं वेगळं आहे." त्यांचं म्हणणं असं की व्याज २१ असो की १२, आधी माणसाला विचारा तरी की हप्त्याने भरणार का. आजारपण किंवा नोकरी गेली असं काही असेल तर व्याज लावायच्या आधी हप्ते पाडून देणं कमिटीवर बंधनकारक करा. मी हिशोब बघून बघून फक्त टक्क्यांचा विचार करत होते, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते ज्याच्यावर बेतलंय त्यालाच सुचतं.

यामुळेच मला ते तयार नमुने कॉपी-पेस्ट करून पाठवायचं फारसं पटत नाही. एकच मजकूर पाच हजार जणांनी पाठवला की तक्त्यात तो एक मुद्दा म्हणून येतो, समोर ५,००० आकडा. आकड्यालाही किंमत आहे, नाही असं नाही, संघटना मोठ्या विषयावर असं करतात आणि सरकारला कळतं की लोक हलले आहेत. पण पाच वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या अनुभवातून पाच वेगळी पत्रं लिहिली तर पाच मुद्दे नोंदले जातात आणि प्रत्येकावर कुणालातरी अभिप्राय लिहावा लागतो. वेळ नसेल तर नमुना घ्या, पण त्यात स्वतःच्या चार ओळी घाला, तुमच्या गावातलं, तुमच्या कामातलं काय बिघडतंय ते.

आमदाराकडे जायचं म्हटलं की लोक कचरतात, मीही कचरले. गेले तेव्हा साहेब नव्हतेच, पीए होता, तरुण मुलगा, आणि खरं काम त्याच्याशीच असतं हे मला नंतर कळलं. त्याला मी तेच एक पान दिलं आणि विचारलं की यावर तारांकित प्रश्न (मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो) किंवा लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) लागेल का. त्याने पान वाचलं, म्हणाला मॅडम लोक येतात ते बदलीसाठी नाहीतर गटारासाठी, नियमाचा नंबर घेऊन कुणी येत नाही. त्याने पानाचा फोटो काढून पुढे पाठवला. पुढे काय झालं ते मला माहीत नाही, पण प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा ही आमदाराची हत्यारं आहेत आणि त्यांना दारूगोळा आपणच पुरवायचा असतो. अधिवेशनाच्या तोंडावर जाऊ नका, प्रश्न कितीतरी दिवस आधी द्यावे लागतात. शुक्रवारी अशासकीय कामकाज असतं, म्हणजे मंत्री नसलेला आमदारही स्वतःचं विधेयक मांडू शकतो, ती सहसा मंजूर होत नाहीत पण मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर छापील नोंदीत कायमचं राहतं.

आणि तुम्ही पदवीधर असाल तर तुम्हाला आणखी एक आमदार आहे हे लक्षात आहे का? विधान परिषदेत पदवीधरांचे ७ आणि शिक्षकांचे ७ मतदारसंघ आहेत. पदवीधरांची यादी दर निवडणुकीला नव्याने बनते, मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही, परत अर्ज भरावा लागतो. भरत कोण नाही. त्यामुळे मतदार कमी, आणि म्हणूनच त्या आमदाराकडे एका पदवीधराचं पत्र वजनदार ठरतं.

याशिवाय विनंती अर्ज नावाचा प्रकार आहे, आमदारामार्फत सभागृहात सादर करायचा, त्यासाठी विनंती अर्ज समितीच असते. जुना, रेंगाळणारा मार्ग आहे, पण गावाचा किंवा एखाद्या गटाचा सामूहिक प्रश्न असेल तर उपयोगी.

एक गोष्ट आधीच तपासून घ्या, विषय राज्याचाच आहे ना. समवर्ती यादीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा विषय असेल आणि केंद्राच्या कायद्याशी टक्कर होत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. महिला अत्याचारांबाबतचं शक्ती विधेयक २०२० च्या डिसेंबरमध्ये आलं, संयुक्त समितीत वर्षभर घासून २०२१ च्या डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, आणि मग त्याच संमतीपाशी अडकलं. इतक्या बायकांनी आशेने त्याच्याकडे बघितलं होतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तर आमची पत्रं गेली. माझं ईमेलने आणि पोस्टानेही, काकूंचं रजिस्टर पोस्टाने, कारण त्यांचा ईमेलवर विश्वास नाही. नऊ दिवसांनी पोचपावतीचं कार्ड परत आलं, गोल शिक्का आणि न वाचता येणारी सही. काकूंनी ते लाइटबिलांच्या फाइलमध्ये लावलंय. त्यानंतर काही नाही. तुमचा मुद्दा घेतला, नाही घेतला, का नाही घेतला, एक ओळ सुद्धा नाही. मला पटवून द्या असं मी म्हणत नाही, पण लिहून मागवलंत तर वाचलं एवढं तरी कळवा. सत्तर वर्षांची बाई पोस्टाच्या रांगेत उभी राहून सरकारला कायद्यातली त्रुटी सांगते, यापेक्षा अजून काय हवं असतं सरकारला नागरिकांकडून?

म्हणून या आठवड्यात माहिती अधिकारात अर्ज टाकते आहे. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. "का" असं विचारायचं नाही, कागद मागायचे. मी तीन मागितलेत. आलेल्या हरकती व सूचनांची एकूण संख्या, त्यांचा गोषवारा किंवा तक्ता असेल तर त्याची प्रत, आणि थकबाकीच्या व्याजासंबंधी आलेल्या हरकतींवर जो अभिप्राय नोंदवला असेल त्या पानांच्या प्रती. काकूंना वाचून दाखवला तर म्हणाल्या, "त्यात हप्त्यांचं पण घाल." शब्द मोजले, १३१ झाले होते. घातलं.